एक कोपरा कमी

रविवारी सकाळी चांगुणाच्या चहाच्या बशीखाली एक कार्ड निघालं आणि त्या कार्डाला एक कोपरा कमी होता. बाकी सगळं झकास होतं. जाडसर खरबरीत कागद, त्यावर भाताच्या लोंब्यांचे हिरवे शिक्के ओळीनं मारलेले, मधोमध दाराच्या दोन फळ्या मिटाव्यात तशी घडी. फक्त उजवीकडचा वरचा कोपरा तिरका कापून टाकलेला, आणि कापलेल्या जागेतून आतला निळ्या बुट्ट्यांचा कागद डोकावत होता. "आई, हॅपी फ्रेंडशिप डे!" सून सृष्टी समोर उभी राहून म्हणाली, दोन्ही हात मागं घेऊन, शाळेत कविता म्हणायला उभी राहिलेली पोरगी असते तशी. घ्या! सासूला मैत्रीदिनाचं कार्ड! ज्ञानेश्वर सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता, तो खुदकन हसला. "आई, आता तू तिच्या ग्रुपमधली बरं का." चांगुणाही हसली. हसायला लागतंच. पण तिचं बोट त्या कापलेल्या कडेवर जाऊन थांबलं होतं आणि तिथून हलायला तयार नव्हतं. "उघडून बघा ना," सृष्टी म्हणाली. "बघते की सावकाश. चष्मा कुठं हाय माजा?" असं म्हणून चांगुणा, चष्मा कपाळावर असताना, चष्मा शोधायला आतल्या खोलीत निघून गेली.

खोलीचं दार लोटून तिनं कार्ड खिडकीच्या गजांबाहेरच्या कठड्यावर ठेवलं. पलंगावर ठेववेना, कपाटात तर नाहीच नाही. कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे काय, हे तिला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. संगमनेरपलीकडच्या अकोले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, तिच्या लहानपणी ते सगळ्यांना माहीतच होतं. माणूस गेल्याचं कळवायचं तर कार्डाचा एक कोपरा कापून टाकायचा, म्हणजे ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही हातात घेताच कळावं. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. बाहेरच वाचायचं, फाडायचं, पाण्यात सोडायचं आणि अंघोळ करून घरात यायचं. तिला तो दिवस आठवायचा म्हणजे आधी ओल्या घोंगडीचा वास आठवायचा. वडील खाचरातून आले होते, चिखलानं पोटऱ्या भरलेल्या, आणि पोस्टमननं त्यांच्या हातात कार्ड ठेवून मान खाली घातली होती. वडिलांना वाचता येत नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर बसले आणि त्यांचा अंगठा त्या कापलेल्या कडेवरून नुसता मागंपुढं, मागंपुढं फिरत राहिला. आई पिठाच्या हातानं बाहेर आली, तिनं आधी अंगठ्याकडं बघितलं आणि मग वडिलांच्या तोंडाकडं. मास्तरांना बोलावून आणेपर्यंत कुणी रडलं नाही, कारण नाव अजून कुणाचं कळलं नव्हतं. घरातली किती माणसं गावोगाव पांगलेली, कुणाचं असेल? चांगुणा दाराआडून एकेकाचं नाव मनात घेत होती आणि हे नसू दे, तेही नसू दे, असं म्हणत होती. मास्तरांनी वाचलं. थोरली बहीण सगुणा. सासरी, पान लागून. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं.

आईनं त्या पानावर जन्मभर विश्वास ठेवला नाही. "कसलं पान नि कसलं काय," ती भाकरी थापताना मध्येच म्हणायची, आणि थापीचा आवाज वाढायचा. सगुणाच्या सासरी नक्की काय झालं ते कुणालाच कधी कळलं नाही, त्यामुळं काहीही झालेलं असू शकत होतं, आणि ते काहीही त्या घरात धुरासारखं कायमचं राहिलं. चांगुणाचं लग्न ठरलं, सोनईकडं द्यायचं ठरलं, तेव्हा आईनं तिला दागिन्यांबद्दल काही सांगितलं नाही, नवऱ्याबद्दलही नाही. "आधी ताटात बघ, मग वाढनारीकडं बघून हस," एवढंच सांगितलं. आणि चांगुणानं ते पाळलं. सासू भली होती, जावा भल्या होत्या, पण ताटात बघायची सवय काही गेली नाही. नवरा, सहादेव, हसायचा. "तू देवाच्या परसादात बी खडा शोधशील," म्हणायचा. शोधायचीच ती. कधीकधी सापडायचाही, तेव्हा ती तो बशीच्या कडेला काढून सगळ्यांना दिसेल असा ठेवायची. सहादेव गेला तेव्हासुद्धा, डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि चांगुणा त्या दुःखातही विचार करत राहिली की हे एवढं चांगलं चालणारं हृदय अचानक बंद पडायला कोण काय बोललं असेल त्याला त्या सकाळी.

म्हणजे संशय तिला नवा नव्हता, पण असा घरात, आयता, बशीखाली तो कधी आला नव्हता. तिनं कार्ड उघडलं नाही. उघडायचं कशाला? कोपरा कापलेल्या कार्डात काय असतं ते ठाऊक होतं, फक्त नाव वाचायचं बाकी असतं, आणि इथं नाव तर स्पष्टच होतं, तिचंच. दुपारी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून ती खाली उतरली. नगरच्या सावेडीतल्या त्या वसाहतीत नदी कुठली आणि ओढा कुठला! मागच्या बाजूला एक नाला होता, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गच्च भरलेला. तिथं उभं राहून तिनं कार्ड फाडलं. जाड कागद लवकर फाटेना, घडीच्या जागी तर अजिबात फाटेना, पोरीनं घडी अशी काही पक्की घातलेली. दातओठ खाऊन तिनं तुकडे केले आणि पाण्यात टाकले. हिरव्या लोंब्या एका काळ्या पिशवीला अडकून थोडा वेळ तिथंच गोल फिरत राहिल्या. घरी येऊन तिनं भरदुपारी अंघोळ केली. "आई, परत अंघोळ?" सृष्टीनं विचारलं. "उकडतंय," चांगुणा म्हणाली. श्रावणातली झिम्माड हवा होती, बाहेर चांगलं गार वारं सुटलेलं. सृष्टी काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही हेही चांगुणानं लक्षात ठेवलं.

खरं सांगायचं तर हीच पोरगी चांगुणाला आवडायला लागली होती. दोघांनी मागं लागून तिला सोनईहून इथं आणलं, त्याला फार दिवस झाले नव्हते. ज्ञानेश्वर नागापूरच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि मग दिवसभर त्या फ्लॅटमध्ये या दोघीच. सृष्टी बाल्कनीजवळच्या टेबलावर बसून कार्डं करायची, वाढदिवसाची, डोहाळजेवणाची, बारशाची, लोक मोबाईलवर बघून मागवायचे. चांगुणा पलंगाच्या कडेला बसून तिचे हात बघायची. खोडरबर घेऊन त्यावर नखाएवढं चित्र कोरायचं, शाईच्या गादीवर टेकवायचं, श्वास रोखून कागदावर दाबायचं आणि उचलायचं. कागद दुमडला की बोथट पट्टी एकदा, फक्त एकदाच, घडीवरून ओढायची. दुसऱ्यांदा ओढली की कागद चकाकतो म्हणे. नक्षीचे कागद तर काय एकेक, खणासारखे, लुगड्याच्या काठासारखे, फरशीसारखे. हे असलं नाजूक काम करणारी बाई वाईट असेल असं चांगुणाला वाटलं नव्हतं. आता तिला त्याचंच नवल वाटायला लागलं. नाजूक हाताची बाई वाईट नसते, हे कुणी सांगितलं? कात्री तर तिच्याच हातात असते दिवसभर. आणि वर तोंडानं आई, आई. भांडणारी सून परवडली, तिचं पोटातलं ओठावर येतं. ही कधी भांडतच नाही. एवढ्या दिवसांत एकदा तरी आवाज चढवावा की नाही माणसानं? न चढवलेला आवाज कुठंतरी साठतच असणार.

"आई, कार्ड कुठं ठेवलंत? तुमच्या आरशाला लावू या," सृष्टी दुसऱ्या दिवशी म्हणाली. "कपाटात हाय, जपून ठिवलंय," चांगुणा म्हणाली. सृष्टीची नजर कपाटाकडं गेली आणि परत आली. पुढं काही तरी विचारायचं होतं तिला, ओठ उघडले होते, पण नुसतंच "बरं" म्हणून ती गेली. चांगुणाला वाटलं, हिला बघायचंय मी वाचलं का, मला समजलं का. सृष्टी कुरियर टाकायला खाली गेली तशी चांगुणा टेबलापाशी गेली. एरवी ती त्या टेबलाला हात लावायची नाही. तयार कार्डांचा एक गठ्ठा होता, तिनं एकेक उचलून बघितलं. कशाचाच कोपरा कापलेला नव्हता. उलट सगळ्यांचे चारी कोपरे गोल केलेले, पोरांच्या हातात दिलं तरी बोचू नये असे. कोपरे गोल करायचं ते छोटं यंत्रही तिथंच होतं, दाबलं की खट् वाजायचं. तो आवाज तिनं रोज ऐकलेला. म्हणजे जगातल्या सगळ्या लोकांना गोल कोपरे, आणि सासूला कापलेला! मग तिनं टेबलाखालची कचऱ्याची टोपली उपसली. तिला काय शोधायचं होतं तेच तिला कळत नव्हतं, पण ते सापडलं. एक तिरका कापलेला तुकडा, त्यावर हिरव्या लोंबीचं टोक. आणि त्याच्याच खाली दुसरा, तसाच तिरका, पण मातकट कागदाचा, बैलाच्या शिंगाचा शिक्का मध्येच तुटलेला. दोन! म्हणजे असं दुसरंही एक कार्ड झालं होतं. ते कुणाचं? चांगुणा टोपलीशेजारी फरशीवर बसली. लहानपणी दाराआडून एकेकाचं नाव घेत होती, तशीच ती पुन्हा नावं घ्यायला लागली. आता घरात घेण्यासारखं नाव एकच उरलं होतं, आणि ते घ्यायला तिची जीभ रेटेना.

त्या दिवसापासून तिला ज्ञानेश्वरकडं बघवेना. तो जेवायला बसला की ती त्याच्या ताटात बघायची. स्वतःचा सकाळचा चहा ती आधी तुळशीला घालायची, घोटभर, आणि दिवसभर तुळशीवर लक्ष ठेवून राहायची. तुळस मरेना. उलट तिला चांगले कोवळे फुटवे आले. तर चांगुणाला वाटलं, एवढं उघडउघड थोडंच करेल कुणी, शिकलेली पोरगी आहे. मग तिची तिलाच लाज वाटायची. अगं, हा काय सिनेमा आहे? लेकाची बायको ती, तुझ्या पायाला तेल चोळून देते, आणि तू तिच्या चहानं झाडं तपासतेस? पण लाज काही टिकायची नाही. दुपारी ते यंत्र खट् वाजलं की छातीत तसंच खट् व्हायचं. सगुणाच्या सासरीही कुणीतरी तिच्या पायाला तेल चोळलं असेल, कुणी सांगावं. आणि त्यातच सृष्टीनं एक दिवस भाजी निवडता निवडता सहज विचारलं, "आई, पुंजाराममामांच्या गावाचं पोस्ट कुठलं हो? पिनकोड काय?" पुंजाराम हा चांगुणाचा भाऊ, डोंगरात एकटाच राहणारा, बायको गेलेली, पोरगा नाशिकला. "तुला कशाला पायजे?" "असंच. ठेवलेलं बरं." असंच! असंच कुणी पिनकोड विचारतं का? त्याच रात्री जेवताना ज्ञानेश्वर म्हणाला, "आई, राखीला मामाकडं जायचा विचार आहे का तुझा? का इथंच आहेस?" आणि सृष्टीनं ताटाआडून त्याच्या पायाला पाय लावला. चांगुणानं तो पाय बघितला. अच्छा, म्हणजे ठरलंय यांचं. कार्डानं सांगून झालं, आता तोंडानं सांगतायत. तुझं इथलं संपलं, जा भावाकडं, भावाचा पिनकोड आमच्याकडं आहे.

एक मात्र झालं, भीती गेली. तिच्या जागी राग आला आणि रागाबरोबर एक प्रकारचा आरामही आला, कारण आता काय करायचं ते कळलं. जायचं. त्यांनी घालवायच्या आधी आपण जायचं. तिनं मोबाईल बंद करून उशीखाली ठेवला. सृष्टीनंच तो तिला लावून दिला होता, त्यातून ती काय काय ऐकत असेल त्याचा नेम नव्हता. दोन चांगल्या साड्या, सहादेवचा फोटो, गोळ्यांची डबी, एवढं पिशवीत भरलं. सोनईचं घर बंद होतं, शेत पुतण्यांनी वाट्यानं करायला घेतलेलं. पुंजाराम कधी नाही म्हणणार नाही. पण भावाच्या घरात म्हातारपणी बहिणीनं जाऊन राहायचं म्हणजे गावात काय बोलतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. लेकानं टाकली, असंच म्हणणार. आणि खरंच टाकलं होतं का तिला? हा प्रश्न ती फार वेळ धरून बसू शकत नव्हती. त्या प्रश्नाशी आलं की ज्ञानेश्वर लहानपणचा दिसायचा, तिच्या लुगड्याचा सोगा मुठीत धरून बाजारात चालणारा, आणि तिचा सगळा राग पाघळायचा. म्हणून ती त्या प्रश्नाला वळसा घालून पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा सोडायची आणि बांधायची.

राखीच्या दिवशी ज्ञानेश्वर पहिल्या पाळीला गेला, दुपारी येतो म्हणाला. चांगुणानं देवाला दिवा लावला, पिशवी घेतली आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागली. "मी निगाले, पोरी. तारकपूरहून संगमनेरची गाडी घावल." सृष्टी टेबलावरून अशी उठली की शाईची गादी खाली पडली. "कुठं?" "कुठं म्हंजी? भावाकडं. राखी हाय न्हवं." "आई, आज नका ना जाऊ. उद्या जा. नाहीतर हे आल्यावर जा. दुपारपर्यंत तरी थांबा." तिचा चेहरा गोरामोरा झालेला. तिनं येऊन पिशवीचा बंदच धरला. चांगुणानं बंदाकडं बघितलं, त्या बोटांकडं बघितलं, बोटांना मातकट शाई लागलेली. ही थांबवते कशाला? जा म्हणून आठवडाभर सुचवायचं आणि निघालं की हात धरायचा? काय होणार आहे दुपारी? "सोड," ती म्हणाली. असा आवाज तिनं या घरात आजवर काढला नव्हता. "सोड म्हनते ना! मला समदं कळतंय. मी अडानी हाय पर खुळी न्हाई." सृष्टीनं बंद सोडला. तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि चांगुणाला त्या पाण्याचा सुद्धा संशय आला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

चांगुणानंच दार उघडलं, कारण ती दाराशीच होती. बाहेर पुंजाराम उभा होता. पागोटं नाही, डोकं उघडं, दाढी वाढलेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, काखेत एक पिशवी. त्यानं तोंड उघडलं होतं, हंबरडा फोडायलाच उघडलं होतं, आणि ते तसंच उघडं राहिलं. तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हात पुढं करून तिच्या दंडाला बोट लावलं, चुलीवरचं भांडं तापलंय का बघावं तसं. "चांगू?" तो म्हणाला. "तू हायेस?" आणि तो माणूस उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर मटकन खाली बसला. "मामा!" मागून सृष्टी ओरडली, "आलात तुम्ही! बसा, बसा, पाणी आणते," आणि ती स्वयंपाकघरात धावली. तिचा रडका आवाज एका क्षणात बदललेला.

"कोनी सांगितलं तुला मी न्हाई म्हनून?" चांगुणानं त्याच्याजवळ वाकून विचारलं. तीही तिथंच बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. "कार्ड आलं," पुंजाराम म्हणाला. त्याचं बोलणं नीट येत नव्हतं, हुंदका आणि हसू एकदम येत होतं. "पोस्टमननं बांधावर दिलं. नगरहून आलंय म्हनला नि गाडी काढून गेला. म्या बगितलं तं कोपरा कापलेला. म्या उघाडलं बी न्हाई. वड्यात सोडलं नि अंगुळ केली. काल दिसभर फोन लावला तुला, तुजा फोन बंद. ग्यानबाचा नंबर माज्यापशी हाय कुठं? मंग पहाटं निगालो. संगमनेरला गाडी बदलली." तो काखेतली पिशवी अंगाआड सरकवायला लागला. "ह्ये काय हाय?" चांगुणा म्हणाली. त्यानं पिशवी आणखी मागं ओढली. "दादा, काय हाय ते?" "लुगडं हाय," तो फरशीकडं बघत म्हणाला. "माहेरचं. अंगावर घालायला. कार्ड यायला किती दिस लागले काय ठावं, मातीला घावनार न्हाई ह्ये कळत हुतं मला. तरी म्हनलं, माज्या बहिनीला माहेरचं लुगडं पडल्याबिगर ऱ्हाऊ नये. जिथं सावडलं आसंल तिथं ठिवीन. सगुनाच्या टायमाला आपुन पोचलोच न्हाई गं. पांढरं घ्यायला पायजे हुतं, तुजा मालक न्हाई म्हनून. पर दुकानात पांढऱ्याला हात लावू वाटंना. ह्ये जांबळं घेतलं."

चांगुणानं त्याच्या खांद्याला धरलं. तेवढ्यात सृष्टी पाणी घेऊन आली. "मामा, असे बाहेर काय बसलात? कार्ड मिळालं ना माझं?" पुंजारामनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. त्यानं चांगुणाकडं बघितलं. "मिळालं की," तो म्हणाला. "त्याच्यापायीच आलो." "बघा आई!" सृष्टी चक्क टाळ्या पिटायला लागली. "मी आत लिहिलं होतं, राखीला नक्की या, आईंना सांगू नका. आणि तुम्ही आज सकाळी पिशवी घेऊन निघालात! माझा जीव गेला असता. यांनाही म्हटलं होतं, आई घरी आहेत ना तेवढं काढून घ्या. आवडलं का मामा कार्ड? बैल मी तुमच्यासाठी मुद्दाम कोरला." "लई भारी," पुंजाराम म्हणाला. "आन त्येचा..." चांगुणानं पदरानं तोंड पुसलं. "त्येचा एक कोपरा का कापलास गं तू?" "दिसलं तुम्हाला? मला वाटलं, कुणाच्या लक्षातच येत नाही. गिऱ्हाइकांच्या कार्डांना मी यंत्र लावते, सगळे गोल. घरच्यांचा एक कोपरा मात्र कात्रीनं कापते, म्हणजे आतला कागद जरासा आधी दिसतो. घरच्या माणसाला आतलं जरा आधी दिसायला नको? असं आतापर्यंत तिघांनाच दिलंय. पहिलं यांना, मग तुम्हाला, मग मामांना."

चांगुणा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. खोटं बोलणारं तोंड कसं असतं हे ती जन्मभर शोधत आली होती. या तोंडावर तिनं आत्ताही शोधलं, सवयीनं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. सापडलं नाही. सापडलं ते एवढंच की पोरीच्या गालाला मातकट शाई लागली होती आणि रडलेलं अजून वाळलं नव्हतं. चांगुणाला इतकी शरम वाटली की तिला वाटलं आत्ताच सगळं सांगून टाकावं, कोपऱ्याचं, नाल्याचं, तुळशीचं. सांगितलं की आपण मोकळ्या होऊ. आणि ही? ही रात्री झोपेल का? जिवंत बहिणीचं लुगडं घेऊन म्हातारा डोंगरातून रडत आला, तो हिच्या कात्रीनं आला, हे कळल्यावर ही पुन्हा कात्री धरेल का हातात? पुंजाराम तिच्याकडं बघत होता, काय करायचं ते तिनं ठरवावं म्हणून. आणि सृष्टीनं एव्हाना त्याच्याआडची पिशवी ओढून साडी बाहेर काढली होती. "अय्या, काय गोड रंग आहे! मामा, ही आईंना ओवाळणी?"

पुंजारामची मान खाली गेली. "व्हय," चांगुणा म्हणाली. "ओवाळनीच हाय ती." "मग आत्ता नेसा. चला." सृष्टीनं साडी उलगडली आणि काठ उलटा करून बघितला. "पण मामा, हिला फॉल नाही, पिको नाही, काहीच नाही लावलेलं." "घाई झाली, पोरी," पुंजाराम कसाबसा म्हणाला आणि तांब्या तोंडाला लावला.

आतल्या खोलीत चांगुणा उभी राहिली. नव्या कापडाचा खळीचा वास आला आणि अंगावर सर्रकन काटा आला. जी मयतासाठी आणली ती नेसायची? अशुभ, अशुभ, असं आत काहीतरी ओरडत होतं. सृष्टी तिच्यापुढं गुडघ्यावर बसली आणि निऱ्या घालायला लागली. एकेक निरी बोटांवर घ्यायची, कडा जुळवायची आणि नखानं वरून खालपर्यंत ओढायची, एकदाच. चांगुणाला वरून तिचा भांग दिसत होता, त्यातलं फिकट कुंकू, मानेवरची बारीक लव. ही एवढी मान वाकवून आपल्यापुढं बसली आहे आणि आपण हिच्या हातातल्या कात्रीला घाबरत होतो. चांगुणाला रडू कोसळलं, आवाज न करता, नुसतं पाणी. एक थेंब पोरीच्या डोक्यावर पडला तशी तिनं वर बघितलं. "मामा आले म्हणून ना?" ती म्हणाली. चांगुणानं मान हलवली. मग तिनं आपला हात त्या डोक्यावर ठेवला आणि काढला नाही.

"झालं," सृष्टी निऱ्या खोचून देत म्हणाली. "आजच्या दिवस अशीच चालवा. उद्या सोडून द्या माझ्याकडं, शेजारच्या गल्लीत एक बाई आहे, तिच्याकडून फॉल लावून आणते." पदर सारखा करता करता ती थांबली. "उद्या असाल ना इथं?"

"आसंन की," चांगुणा म्हणाली. "आन तिला म्हनावं, उगं धावदोरा मारू नको. चांगली पक्की शिवन घाल. लई दिस नेसायचीय मला ही."